तीन लेन्स आणि वीस सेकंद

"काका, ही लेन्सपण तसलीच निघाली," असं म्हणत मिलिंद साळवेने रुमालात गुंडाळलेली लेन्स माझ्या काउंटरवर ठेवली. "पहिलीपेक्षा बेकार."

मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. तीच लेन्स मी चार दिवसांपूर्वी स्वतः उघडून, साफ करून, भिंतीवर चार्ट पाडून तपासून दिली होती. चार्टच्या कोपऱ्यातलं बारीकातलं बारीक अक्षर वाचता येत होतं. इतकी चांगली सोळा एमएमच्या प्रोजेक्टरची लेन्स मी उभ्या आयुष्यात दोन किंवा तीन वेळा पाहिली असेल.

"बेकार म्हणजे काय होतं?"

"ब्लर दिसतं."

"सगळं?"

"सगळं नाही. बाबा दिसतात तेवढंच."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. पोरगा थट्टा करत नव्हता.

"मिलिंद, लेन्सला तुझे बाबा ओळखू येत नाहीत," मी म्हणालो.

"तेच मी म्हणतोय काका. फॉल्ट कुठंतरी आहे."

ही गोष्ट नव्वदीच्या दशकातली. त्याआधी मी बरीच वर्षं एका सरकारी खात्याच्या प्रचार-गाडीवर प्रोजेक्टर ऑपरेटर होतो. पाथर्डीपासून अकोल्यापर्यंत गावोगाव चावडीसमोर पडदा बांधायचा आणि सोळा एमएमच्या फिल्म दाखवायच्या, हे माझं काम. नोकरी सोडल्यावर नगरला चितळे रोडच्या मागच्या गल्लीत दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. कॅमेरे, शाळांचे मायक्रोस्कोप, दुर्बिणी. प्रोजेक्टर वर्षातून चार-पाच आले तर खूप. घरोघरी व्हीसीआर आले होते. त्यामुळे कुणी जुना प्रोजेक्टर घेऊन आलं की मला खरं म्हणजे आनंद व्हायचा. मिलिंदने तो आनंद दोन आठवड्यांत पार धुऊन काढला.

त्याचे वडील सरकारी खात्यात इंजिनिअर. साठीच्या दशकात खात्याने त्यांना ट्रेनिंगला परदेशी पाठवलं. येताना त्यांनी हाताने चावी द्यायचा सोळा एमएमचा कॅमेरा आणि एक घरगुती प्रोजेक्टर आणला. त्यांनी घरच्यांची आणि कर्जत तालुक्यातल्या आपल्या गावाची फिल्म काढली. आदल्या वर्षी ते गेले. पहिल्या स्मृतिदिनाला सावेडीतल्या घरी सगळे नातेवाईक जमणार होते. बुद्धवंदना झाल्यावर पडदे ओढून ती फिल्म दाखवायची असं मिलिंदने ठरवलं होतं.

मिलिंद एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण माझा पुढचा सगळा त्रास त्यातून आला. त्याच्याकडे एक फाइल होती. फाइलमध्ये आडव्या-उभ्या रेघांचा तक्ता होता. डावीकडे लेन्सची नावं, वर 'शार्पनेस', 'ब्राइटनेस', 'कडा' वगैरे रकाने. प्रत्येक रकान्यात मी दहापैकी मार्क द्यायचे आणि खाली सही करायची.

"सही कशाला?"

"रेकॉर्ड राहतं काका."

पहिल्यांदा तो आला तेव्हा रिक्षातून प्रोजेक्टर आणि त्याची मूळ लेन्स घेऊन आला होता. तक्रार हीच, की बाबा पुसट दिसतात. मी म्हणालो, फिल्म आण, लावून बघू. तो म्हणाला, फिल्म मिळणार नाही. का? तर पूर्वी एक रीळ कुणा फोटोवाल्याला कॉपी करायला दिलं होतं, ते परत आलंच नाही. आता ही एकच फिल्म उरली आहे, ती घराबाहेर जाणार नाही.

"अरे, पण आजार बघायला पेशंट नको का?"

"पेशंट प्रोजेक्टर आहे. तो दिलाय ना मी तुम्हाला."

मी माझ्याकडची टेस्ट फिल्म लावली. ही म्हणजे रेघा-रेघांचा आणि अक्षरांचा चार्ट फिल्मवर छापलेला असतो. तो पडद्यावर पाडला की लेन्स किती पाण्यात आहे ते कळतं. मूळ लेन्सवर आतून हलकी बुरशी होती. आपल्याकडे हे नेहमीचंच. कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सवर पावसाळ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते. ती मी साफ केली. चार्ट नीट दिसायला लागला. मी दहापैकी सात मार्क दिले, सही केली, आणि प्रोजेक्टर परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी फोन. "काका, बाबा तसेच."

मग त्याने मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोड पालथा घातला आणि ही दुसरी लेन्स आणली. आता लेन्सबद्दल थोडं सांगायला हवं. प्रोजेक्टरच्या लेन्सवर दोन आकडे असतात. एक तिची लांबी, म्हणजे फोकल लेंग्थ. ही कमी असली की तेवढ्याच अंतरावरून चित्र मोठं पडतं. दुसरा आकडा तिच्या तोंडाच्या मोठेपणाचा. हा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं, तितका उजेड जास्त. साळवे साहेबांची मूळ लेन्स होती दोन इंची, एक पॉइंट नऊची. मिलिंदने आणलेली होती दोन इंची, एक पॉइंट दोनची. म्हणजे चित्र तेवढंच, पण उजेड दुपटीहून जास्त. काच उत्तम. मी नऊ मार्क दिले. सही केली.

आणि आता तो म्हणत होता, ही पहिलीपेक्षा बेकार.

इथेच खरं तर माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. लेन्स चांगली लावली आणि चित्र बिघडलं, तर चूक लेन्सची नसते. पण मी चिडलेलो होतो. चिडलेला माणूस घंटा ऐकत नाही. मी त्याला म्हणालो, "मग तिसरी आण."

हे मी रागाने बोललो होतो. त्याने ते लिहून घेतलं.

आठवड्याने तो खरोखरच तिसरी लेन्स घेऊन आला. ही दीड इंची, एक पॉइंट चारची. कुठल्याशा बंद पडलेल्या फिल्म क्लबच्या माणसाकडून मिळवलेली. बरोबर प्रोजेक्टर आणि फाइल. त्याला तिन्ही लेन्सची शेजारी-शेजारी तुलना हवी होती. त्याच दिवशी. त्याच्यासमोर.

एप्रिलची दुपार. शटर खाली ओढलं, कारण अंधार हवा. पंखा बंद केला, कारण वाऱ्याने भिंतीवरचा पांढरा कागद हलतो. प्रोजेक्टरचा दिवा म्हणजे एक छोटी शेगडीच. आम्ही दोघं आत घामाने निथळत होतो. मी एक लेन्स लावायचो, फोकस करायचो, तो कागदाला नाक लावून रेघा मोजायचा. मग दुसरी. मग तिसरी. मग पुन्हा पहिली, कारण त्याला वाटायचं मघाशी आपण नीट बघितलं नाही.

"डावीकडच्या कोपऱ्यात ही थोडी सॉफ्ट वाटते."

"तिकडे भिंतीचा पोपडा आलाय."

त्याने बोट लावून पोपडा तपासला. खरंच पोपडा होता. त्याने फाइलमध्ये तसं लिहिलं.

दोन तासांनी निकाल असा, की तिन्ही लेन्स चांगल्या. उजेडाला एक पॉइंट दोन सरस. मोठ्या चित्राला दीड इंची सरस. मूळ लेन्स जुनी असली तरी घरच्या हॉलला पुरेशी. मी तिसरी सही केली आणि शटर वर केलं. बाहेरचा नगरचा उन्हाळा त्या दिवशी मला महाबळेश्वरसारखा वाटला.

"मग बाबा का दिसत नाहीत?" मिलिंद म्हणाला. या वेळी त्याचा आवाज क्वालिटी कंट्रोलचा नव्हता.

मी पाणी प्यायलो. "बाबा किती वेळ आहेत फिल्ममध्ये?"

"वीस सेकंद. सगळ्या फिल्ममध्ये तेवढेच. बाकी सगळीकडे ते कॅमेऱ्यामागं."

मग माझा राग थोडा कमी झाला. पूर्ण गेला नाही.

"रविवारी मी घरी येतो," मी म्हणालो. "फिल्म घराबाहेर जात नाही ना? मग मी घरात येतो."

रविवारी दुपारी सावेडीला गेलो. बंगला टुमदार, नीटनेटका. मिलिंदची आई दार उघडायला आली. साळवेबाई मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायच्या, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेल्या. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सरबत आणून ठेवलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या.

मिलिंदने पडदे ओढले, फिल्म लावली. लावायला त्याला चांगलं जमत होतं, हे मान्य करायला हवं. पडद्यावर एक लहान मुलगी झोक्यावर आली. मागे जांभळ्या रंगाचा डोंगर, एक बैलगाडी, पाटावर जेवायला बसलेली माणसं. सगळं स्वच्छ, कडक फोकसमध्ये. साहेबांचा हात चांगला होता. आणि मग मशीनमध्ये 'टक्' असा आवाज झाला, चित्र उडी मारून पुसट झालं. विहिरीच्या कठड्यापाशी उभा एक माणूस. पांढरा शर्ट. हात हलवतोय. चेहऱ्याच्या जागी गव्हाळ धुकं.

मी झटकन फोकसची रिंग फिरवली. धुक्यातून नाक, डोळे वर येताहेत असं वाटतंय तोवर पुन्हा 'टक्' झालं, आणि पडद्यावर शेळ्यांचा कळप आला. आता शेळ्या पुसट. मी रिंग परत फिरवली.

"बघितलंत?" मिलिंद म्हणाला.

"बघितलं. लेन्स सोड आता. लेन्सचा काही संबंध नाही. फिल्मचा तेवढा भाग काढून माझ्या हातात दे."

"नाही."

"दहा फूट. इथंच. टेबलावर. तुझ्यासमोर."

"काका, हाताचा घाम लागतो. ओरखडे पडतात. मी वाचलंय."

"मी तीस वर्षं हेच केलंय!"

"तुमच्याकडं सरकारी फिल्म होत्या. त्यांची दुसरी कॉपी मिळते."

हे खरं होतं, आणि त्यामुळे मी आणखी चिडलो. तेवढ्यात कोपऱ्यातून साळवेबाई म्हणाल्या, "मिलिंद, ह्यांचा भांग डावीकडं असायचा. इथं उजवीकडं दिसतो."

"आई, तुला त्यातलं कळत नाही. जुन्या फिल्ममध्ये असंच दिसतं."

बाई गप्प बसल्या. आणि मी, तीस वर्षांचा अनुभव सांगणारा माणूस, सरबताचा ग्लास उचलून उरलेलं सरबत पीत होतो. ते वाक्य माझ्या कानावरून गेलं. मनात प्रेशर प्लेटचा विचार चालला होता. फिल्मला मागून दाबून धरणारी ही एक पट्टी असते. ती सैल असली की फिल्म पुढं-मागं होते आणि फोकस जातो. मी पट्टी तपासली. ती ठणठणीत होती.

"फिल्म हातात द्यायची असेल तेव्हा बोलव," असं म्हणून मी स्कूटरला किक मारली. पहिल्या किकला ती सुरू झाली नाही. चौथ्या किकला झाली. तोवर मिलिंद फाटकात उभा राहून विचारत होता, "काका, चौथी लेन्स बघू का? दोन इंची, एक पॉइंट सहा?"

सोमवारी सकाळी मी दुकान उघडून झाडत होतो. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. साळवेबाई उतरल्या. हातात कापडी पिशवी. पिशवीत पत्र्याचा गोल डबा.

"मिलिंद ड्यूटीवर गेलाय," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी यायच्या आत मला हे परत ठेवायला लागेल, कुलथेभाऊ."

मी खुर्ची पुढं केली. त्या बसल्या नाहीत.

"आधी सांगते मग बसते. फिल्म मी तोडली."

ते असं झालं होतं. साहेब गेल्यावर दोन महिन्यांनी, मिलिंद टूरवर असताना, बाईंनी कपाटातून प्रोजेक्टर काढला. साहेबांना लावताना शेकडो वेळा पाहिलं होतं. जेवणाच्या खोलीतल्या भिंतीवर त्यांनी एकटीने फिल्म लावली. विहिरीपाशी साहेब दिसले आणि मशीनमध्ये कटकट सुरू झाली. फिल्म अडकली. त्यांनी घाबरून ओढली. एकीकडे तुटली, सोडवताना दुसरीकडेही तुटली. मधला हातभर-दोन हातांचा नव्हे, चांगला आठ-नऊ फुटांचा तुकडा त्यांच्या मांडीवर पडला. साहेब असलेला तेवढाच तुकडा.

"मग?"

"मग जोडली. साध्या चिकटपट्टीनं. पण पट्टीनं फिल्मच्या कडेची भोकं बुजली. भोकं बुजली तर मशीनचे दाते कशात अडकणार? म्हणून सुई तापवून भोकं पाडली."

मी डबा उघडला. रीळ रिवाइंडरवर चढवलं. हे दोन हँडलचं साधं यंत्र असतं, रिळातून रिळात फिल्म हाताने गुंडाळायचं. खाली दिव्याची काच. हळूहळू फिरवत त्या जागेपर्यंत आलो. भिंग लावलं.

फिल्मला दोन बाजू असतात. एक चकचकीत, एक मंद. चित्र मंद बाजूवर असतं. पूर्ण रिळाची मंद बाजू माझ्याकडे होती. जोडापाशी आल्यावर ती एकदम चकचकीत झाली. आठ-नऊ फूट चकचकीत, मग दुसरा जोड, मग पुन्हा मंद.

तुकडा पालथा जोडला होता.

बोलक्या फिल्मला भोकं एकाच बाजूला असतात, कारण दुसरीकडे आवाजाची पट्टी असते. ती पालथी जोडली तर चालतच नाही, मशीन लगेच भांडतं. मूक फिल्मला दोन्हीकडे भोकं. पालथी घातली तरी बिचारी चालते. फक्त चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं. डावं ते उजवं. भांगसुद्धा. आणि चित्र फिल्मच्या पलीकडच्या बाजूवर गेल्यामुळे लेन्सपासूनचं अंतर फिल्मच्या जाडीइतकं बदलतं. जाडी केवढी, तर दोन-तीन केसांएवढी. जुन्या, लहान तोंडाच्या लेन्सने तेवढं थोडं सांभाळून घेतलं होतं. मोठ्या तोंडाची लेन्स जास्त उजेड देते, पण अंतराच्या बाबतीत फार काटेकोर असते. केसभर इकडं-तिकडं चालवून घेत नाही. म्हणून लेन्स जितकी भारी, तितके साळवे साहेब पुसट. तीन लेन्स, एक फाइल, एप्रिलची दुपार, माझ्या तीन सह्या. सगळ्याचं कारण हे.

मला मिलिंदचा राग आला. मग स्वतःचा आला. बाईंचा यायला हवा होता, पण ते जोड भिंगातून पाहिल्यावर आला नाही. सुईने पाडलेलं एकेक भोक मूळ भोकावर अचूक बसलं होतं. मला नसतं जमलं.

"काल तुम्ही भांगाचं बोललात, तेव्हा मी ऐकायला हवं होतं," मी म्हणालो.

"मला वाटलं, माझ्या हातून काहीतरी उलटंपालटं झालंय. पण काय ते कळेना. आणि मिलिंदला सांगायचं धाडस झालं नाही. त्यानं मशीनला हात लावू नको म्हणून बजावलं होतं." मग त्या खुर्चीवर बसल्या. "नीट होईल?"

"होईल. तुकडा सुटा करायचा, सुलटा करायचा, पुन्हा जोडायचा. मी फिल्म-सिमेंटने, म्हणजे खास गोंदाने जोडतो. एका टोकावर दुसरं टोक चढवून चिकटवायचं असतं. पक्का जोड. फक्त दोन्ही जोडांना मिळून दोन-तीन चित्रं जातील."

"जातील म्हणजे?"

"खरवडून काढावी लागतात. सेकंदाला सोळा चित्रं धावतात बाई, पापणी लवेपर्यंत होतं. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल," त्या म्हणाल्या. "आधीच वीस सेकंद आहेत, भाऊ. त्यातलं काही कापू नका."

आता आली का पंचाईत! चित्र न कापता जोडायचं तर पातळ पॉलिएस्टर टेप लागते. टेप माझ्याकडे होती. पण टेपला भोकं पाडणारं जोडणी-यंत्र कधीच गंजून निकामी झालेलं. पुण्याहून मागवायचं म्हटलं तर चार दिवस, आणि फिल्म संध्याकाळच्या आत कपाटात हवी. मी हे सगळं त्यांना जरा वैतागूनच सांगितलं. दोन आठवड्यांचा वैताग होता, तो कुठंतरी निघणारच.

त्यांनी शांतपणे विचारलं, "सुई आहे का?"

सुई नव्हती. त्यांच्या पर्समध्ये होती. शिवणाच्या बाईंच्या पर्समध्ये तीन नंबरांच्या सुया निघाल्या.

मी 'बंद' अशी पाटी लावली. चिकटपट्टी हळूहळू सोडवली. दहा महिन्यांत तिचा गोंद पाझरून शेजारच्या चित्रांवर पसरला होता. तो केमिकलच्या बोळ्याने पुसायला तास गेला. साळवे साहेबांचा गोंदात अडकलेलं कोपर मी इतकं जपून पुसलं, की डॉक्टरही पुसत नसेल. मग तुकडा सुलटा केला. टोकाला टोक भिडवून टेप लावली. बाईंनी स्पिरिटच्या दिव्यावर सुई तापवली, भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक भोक उघडायला सुरुवात केली. माझं काम फक्त पट्टी हलू न देता धरून ठेवायचं. मध्येच मी श्वास सोडला तर त्या म्हणाल्या, "हलू नका." चाळीस मुलींचा वर्ग सांभाळलेला आवाज. मी हललो नाही.

काम चालू असतानाच मी विचारलं, "साहेब सगळीकडे कॅमेऱ्यामागं. मग हे वीस सेकंद कुणी काढले?"

"मीच," त्या सुईवरची नजर न काढता म्हणाल्या. "एकदाच दिला होता हातात."

दुपारी दीडला दोन्ही जोड झाले. माझ्या दुकानातल्या प्रोजेक्टरवर लावून बघू म्हटलं तर त्या नको म्हणाल्या. पुन्हा अडकली तर? रविवारी स्मृतिदिनाला सगळ्यांबरोबरच बघीन. डबा पिशवीत घालून त्या रिक्षात बसल्या. जाताना म्हणाल्या, "मिलिंदला सांगू नका. सांगायचं तर मी सांगेन."

मी सांगितलं नाही. त्या आठवड्यात मिलिंदचे तीन फोन आले. चौथ्या लेन्सबद्दल. मी प्रत्येक वेळी सांगितलं, एक पॉइंट दोनची लाव आणि गप्प बैस.

रविवारी हॉल भरला होता. कर्जतकडून दोन जीप भरून माणसं आलेली. साहेबांचे धाकटे भाऊ, भागाजीअण्णा, पहिल्या रांगेत. वंदना झाली, चहा झाला, पडदे ओढले. मी प्रोजेक्टरशेजारी उभा राहिलो. मिलिंदने एक पॉइंट दोनची लेन्स लावली होती. झोक्यावरची मुलगी आली, बैलगाडी आली, आणि मग 'टक्' असा बारीक आवाज झाला. माझा हात फोकसच्या रिंगकडे गेला.

साळवे साहेब विहिरीच्या कठड्यापाशी उभे होते. स्वच्छ. डावीकडे भांग, डाव्या मनगटावर घड्याळ, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला पेन. कपाळावरची आठीसुद्धा दिसत होती. ते वैतागून कॅमेऱ्याकडे बोट दाखवून काहीतरी बोलत होते. मग त्यांना हसू फुटलं. हसताना त्यांनी मान मागे टाकली.

वीस सेकंद संपले, शेळ्या आल्या. शेळ्याही स्वच्छ.

"थांबीव रं ते," भागाजीअण्णा म्हणाले. "पुन्ना लाव. दादा हाय त्यो."

मिलिंदने मागं घेऊन पुन्हा लावलं. आणि वर तो म्हणालाच, "बघितलंत? लेन्सचा फरक आहे. तीन लेन्स टेस्ट केल्या आम्ही. ही मुंबईहून आणली."

मी छताकडे बघितलं. नातेवाईक माना डोलवू लागले. कुणीतरी लेन्सची किंमत विचारली. मिलिंद फाइल आणायला उठलासुद्धा.

"काय बोलतोय गं दादा?" भागाजीअण्णांनी वहिनीला विचारलं. "लई तावातावानं बोलतोय. आन् ह्ये कुनी काढलं? कॅमेरा तर त्यो कुनाच्या हाती देत न्हवता."

"मी काढलं," साळवेबाई म्हणाल्या. "ते म्हणतायत, बोट काढ, बोट काढ, लेन्सच्या पुढं बोट आलंय तुझं."

सगळ्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. खालच्या कोपऱ्यात एक काळपट गोळा होता. ते बोट जगातल्या कुठल्याच लेन्सने शार्प होणार नव्हतं.

हॉलमध्ये मोठा हशा झाला. तो ओसरायच्या आत बाई पुढं म्हणाल्या, "आणि मिलिंद, फिल्म तुटली होती. ती मीच तोडली आणि मीच उलटी जोडली. सोमवारी मी आणि कुलथेभाऊंनी सुलटी केली. तुझ्या लेन्स चांगल्याच आहेत. त्यांच्यात काही खोट नव्हती."

मिलिंद फाइल हातात धरून दारात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मशीनचा पंखा साफ करायचं सोंग घेतलं. मग तो आईशेजारी जाऊन जमिनीवर बसला. त्याने विचारलं, "भोकं कशानं पाडलीस?"

"सुईनं."

त्याने उठून प्रोजेक्टर बंद केला, रीळ उतरवलं, आणि ते त्या दोन जोडांपर्यंत उलगडून आईच्या हातात दिलं. स्वतःच्या हाताने. ज्या फिल्मला माझा घाम लागणार होता, ती तो नातेवाइकांनी भरलेल्या खोलीत सगळ्यांना दाखवत फिरला.

त्यानंतर मी दुकानात एक नियम केला. फिल्म बघितल्याशिवाय लेन्सला हात लावायचा नाही. आणि मशीन घेऊन दोघं आले, तर जो गप्प बसलाय त्याला आधी विचारायचं.